पिठाचा वेगळा डबा

१२ ऑगस्ट १९९३, गुरुवार

परभणीहून साडेचारच्या एस.टी.ने ताडकळसला परत. किशनरावांचं कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठ्याहत्तर. डॉ. कौसडीकरांनी कागद माझ्यापुढे ठेवला, त्यांच्यापुढे नाही. बरोबर केलं. तोंडाने मी नवऱ्याचं नाव घेत नाही, वहीत घेते. वहीत 'हे' आणि 'ते' लिहीत बसले तर महिन्याभराने मलाच अर्थ लागायचा नाही.

गेल्या महिन्यात शेतातल्या आखाड्यावर त्यांच्या छातीत दाबल्यासारखं झालं, तेव्हापासून मी मागे लागले होते. 'गॅस हाय' म्हणून दिवस काढले. हृदयाची पट्टी ठीक निघाली, पण डॉक्टर म्हणाले, यांचे वडील पंचावन्नला गेलेत हे विसरू नका. नवीन निघालेली गोळी लिहून दिली. रोज रात्री जेवणानंतर एक. परभणीत एकाच दुकानात मिळते, तीही हैदराबादहून मागवावी लागते.

येताना किशनराव म्हणाले, "बाई, गोळ्या तुमच्यापाशी ठेवा. मी इसरतो."

छत्तीस वर्षं शाळेत काढली, सगळा गाव मला बाई म्हणतो. घरातही तेच रुळलं. म्हटलं, ठेवते. विसरणं हा आजार नाही, सवय आहे.

२२ ऑगस्ट

धिंगरी अळंबीची पहिली तोडणी. कृषी विद्यापीठात चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी जूनमध्ये कडब्याच्या खोलीत पिशव्या टांगल्या, तेव्हा गाव हसला. आज साडेतीन किलो निघाली. पांढरी, जाड, कडा नीट मुडपलेल्या. हैदराबादला बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं, त्याचा चाळीस वर्षांनी हाताला लागणारा उपयोग झाला.

तानुबाई पिशव्यांवर पाणी मारायला येते. स्वयंपाकही तिच्याकडे आहे. तोडलेली धिंगरी बोटाने दाबून म्हणाली, "बाई, ही कुत्र्याची छत्री शेरातले लोक पैसे देऊन खात्यात?"

"खातात."

"मंग आपल्या गल्लीतले कुत्रे लय मोठे बागायतदार झाले की."

किशनराव त्या खोलीकडे फिरकत नाहीत. बाविसाव्या वर्षापासून गळ्यात माळ आहे. माळकऱ्यांच्या लेखी अळंबी मांसाच्या बरोबरीची. जूनमध्ये एवढंच म्हणाले होते, "करा. पर माझ्या ताटाजवळ येऊ देऊ नका." मी शब्द दिला. वेगळी पाटी, वेगळं पातेलं, वेगळी सुरी.

५ सप्टेंबर, रविवार

सत्यशीला आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी, आता विद्यापीठात प्रशिक्षणाच्या कामावर आहे. शिक्षक दिन म्हणून पेढे आणले, ते मी तानुबाईच्या नातवंडांना देऊन टाकले. पेढ्यांपेक्षा कामाची गोष्ट तिने सांगितली. परदेशात उंदरांना वाळलेली धिंगरी खाऊ घातली, त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. टिपण दाखवलं. मी दोनदा वाचलं.

"बाई, हे उंदरांवरचं आहे हं," ती म्हणाली. "माणसांचं मला ठाऊक नाही."

"उंदराला यकृत असतं, माणसालाही असतं."

"असतं," म्हणाली आणि टिपण माझ्याकडेच ठेवून गेली.

चार किलो धिंगरी पत्र्यावर वाळते आहे. दळली की पीठ होईल.

९ सप्टेंबर

किशनरावांना विचारावं का, याचा दोन दिवस विचार केला. १९७९ साली टायफॉइडमध्ये डॉक्टरांनी अंडं सांगितलं होतं. एकवीस दिवस 'नाही' म्हणत राहिले, काडीसारखे झाले. उत्तर माहीत असलेला प्रश्न मी वर्गातही विचारत नसे. वेळ जातो.

माळ महत्त्वाची की माणूस? हे मी स्वतःशी मोठ्याने बोलले. घरात कोणी नव्हतं.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी शाळेत झेंडावंदन. मुक्तिदिनाचं भाषण नव्या मुख्याध्यापकांनी पाच मिनिटांत उरकलं. पोरं उन्हात उभी होती म्हणून मीही काही बोलले नाही.

धोंड्याचा महिना काल संपला. तेवढ्यासाठी थांबले होते. आज त्यांच्या ज्वारीच्या पिठाचा डबा वेगळा केला. दोन भाकरींना एक मोठा चमचा धिंगरीची पूड, वर थोडा ओवा. रंगात फरक नाही.

तानुबाईने डबा उघडून नाक लावलं. "बाई, ह्याला त्या खोलीचा वास यायलाय."

"औषध आहे मालकांचं. ह्याच पिठाच्या भाकरी त्यांना. बोलायचं नाही."

"माळकऱ्याला, बाई?"

"थाप."

तिने थापली. रात्री जेवण झाल्यावर मी गोळी दिली, पाणी दिलं. त्यांनी रोजच्यासारखं पांडुरंगाचं नाव घेऊन गिळली. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. पेपर नीट तपासून गठ्ठा बांधल्यावर वाटतं तसं वाटलं.

२४ सप्टेंबर

आज स्वतःहून म्हणाले, "कुठली जवार हाय ही? भाकरीला लय गोडी आलीय." अर्धी भाकरी जास्त घेतली.

मी म्हटलं, पिंगळीहून आणली. खोटं बोलायला मला आवडत नाही. लिहून ठेवते, म्हणजे निदान एका जागी खरं राहील.

२७ सप्टेंबर

काल एकादशी. भगर आणि आमटी. डब्याला हात लावला नाही. तेवढं मी पाळते.

३० सप्टेंबर, गुरुवार

पहाटे भूकंप. भांडी वाजली, आम्ही सगळे अंगणात आलो. रेडिओवर दिवसभर किल्लारीच्या बातम्या आहेत. गावंच्या गावं गेली म्हणतात. दुपारी शाळेतल्या पोरांनी धान्य गोळा केलं, मी दोन पायल्या दिल्या.

पहाटे किशनराव शेवटी बाहेर आले, चौकट धरून. मी ओरडले तर म्हणाले, "पाय उचलंना बाई. शिसं भरल्यावानी झालेत." भीतीने होतं तसं.

४ ऑक्टोबर, सोमवार

एकशे शहाण्णव.

डॉ. कौसडीकरांनी कागद दोनदा पाहिला. "सात-आठ आठवड्यांत एवढं? गोळी चांगलीच लागू पडली." मी काही बोलले नाही. गोळी लागू पडली असेल. एकटी गोळी नाही, हे मला ठाऊक आहे.

किशनरावांनी पायांची तक्रार सांगितली. मांड्या ठणकतात, खांदेही. डॉक्टरांनी मांडी दाबून पाहिली, तेव्हा ते कळवळले. डॉक्टर म्हणाले, ह्या गोळीने क्वचित असं होतं. आणि मग विचारलं, "आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, कोणी दिलेलं गावठी औषध? काहीही असलं तरी सांगा."

किशनराव हसले. "काय बी न्हाई, डॉक्टरसाहेब. बाईच्या राज्यात दुसरं काही घेता येतं का? त्यायच्या हातानं जे येतं ते खातो."

डॉक्टर माझ्याकडे वळले. किशनरावही माझ्याकडे बघत होते, हसत.

मी म्हटलं, "नाही. दुसरं काही नाही."

डॉक्टरांनी तूर्त वातावर ढकललं. म्हणाले, पंधरा दिवसांत कमी झालं नाही तर या, गोळी थांबवून बघू.

कुठल्या तोंडाने सांगायचं होतं? ते शेजारच्या खुर्चीत बसलेले. शिवाय धिंगरी हे अन्न आहे. औषध विचारलं होतं, अन्न नाही. येताना एस.टी.त मी हे स्वतःला तीनदा सांगितलं. तीनदा सांगावं लागलं, हेही लिहून ठेवते.

१२ ऑक्टोबर

काल एकादशी, डबा बंद. आजपासून दोन भाकरींना दोन चमचे. ज्याचा गुण दिसतो ते अर्धवट करण्यात अर्थ नाही. एकशे साठवर आणलं की कौसडीकरांनाच सांगेन, एकटं गाठून. टिपण पुढे ठेवीन. त्यांनाही काही शिकायला मिळेल.

पायांचं म्हणाल तर माणूस आरामाने गंजतो. पहाटे पाचला उठवून आखाड्यापर्यंत चालत पाठवते. जाऊन-येऊन पाच किलोमीटर.

१९ ऑक्टोबर

किशनराव पुलाच्या कठड्यावर बसून राहिलेले सापडले. शेजारी बन्सीधर. दोघं लहानपणापासूनचे मित्र, भजनात किशनराव टाळ वाजवतात, तो मृदंग. मला पाहून बन्सीधर उठला.

"वैनी, ह्याला पोलिसात भरती करायचं ठरलंय का?"

"तुम्हीही चाला की सोबत. पोट बघा."

"माझं पोट माझ्या बायकोनं वाढिवलंय. तिला इचारा."

किशनराव हसले नाहीत. उठताना बन्सीधरचा खांदा धरला. कठडा गुडघ्याएवढा, त्यावरून उठायला खांदा कशाला लागतो? घरी आल्यावर विचारलं. म्हणाले, "ताकदच न्हाई, बाई. दुखतं ते सोडा. ताकद न्हाई."

पंधरा दिवस आज पूर्ण झाले. डॉक्टरांनी या म्हटलं होतं. गेलो तर गोळी थांबवतील आणि सगळं पुन्हा चढेल. दिवाळीनंतर जाऊ.

२८ ऑक्टोबर

जेवायला पाटावर बसतात, उठताना खांबाला धरतात. आज दोन्ही हातांनी धरलं. तानुबाई म्हणाली, मालकांना खुर्ची द्या. मी दिली नाही. एकदा खुर्ची दिली की माणूस खुर्चीचाच होतो. माझे बाबा शेवटची चार वर्षं असेच गेले.

रागाने लिहिते आहे. कशाचा राग, ते नीट सांगता येत नाही. मी यांच्यासाठी जेवढं करते तेवढं बाकी गावात कोण करतं? आणि हे दिवसेंदिवस खचत जातात, जणू मुद्दाम.

३ नोव्हेंबर

भजनाला गेले नाहीत. टाळ धरवत नाहीत म्हणाले.

६ नोव्हेंबर, शनिवार

तानुबाईने परातीत हात घातला आणि काढला. "त्या डब्याचं पीठ मी न्हाई थापायची आजपसून."

"का?"

"मालकांचे पाय बगा आन मग मला इचारा."

"तू डॉक्टर झालीस?"

"न्हाई. म्हनून तर भ्याव वाटायलंय. तुमी शिकलेल्या, तुमाला वाटत न्हाई."

काम सोडून जा म्हटलं. गेली नाही. वांगी चिरत बसली. भाकरी मी थापल्या. एकाच डब्याच्या, एकाच चवीच्या. त्यांनी एकच खाल्ली. मी आग्रह केला म्हणून दुसरीतली अर्धी.

८ नोव्हेंबर, सोमवार. परभणी.

सकाळी नऊला बन्सीधर दारात. चप्पल न काढता आत आला, असं कधी करत नाही.

"वैनी, चार दिस झाले, ह्याची लघवी काळ्या चहावानी व्हायलीय. तुमाला सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं. बन्सीधरला सांगितलं, मला नाही.

आत जाऊन विचारलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सांगितलं असतं तर तुमी अजून चालायला लावलं असतं."

जीप केली. बन्सीधर आणि जीपवाल्याने त्यांना उचलून ठेवलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, गेल्या वर्षी पोतं पाठीवर घेत होता.

डॉ. कौसडीकरांनी लघवीची बाटली उजेडात धरली आणि त्यांचा आवाज बदलला. स्नायू विरघळून रक्तात उतरताहेत, ते मूत्रपिंडात अडकतात. आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या. चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "बाई, मागे विचारलं होतं. गोळीसोबत दुसरं काही? नीट आठवा. तिकडच्या डॉक्टरांना कळायला हवं."

मी म्हटलं, "बाहेर या जरा."

"वेळ नाही. इथेच सांगा."

किशनराव पलंगावर होते. डोळे उघडे. बन्सीधर पायथ्याशी. मी शाळेत हजेरी घेताना उभी राहत असे, तशी उभी राहिले आणि सांगितलं. धिंगरीची वाळवलेली पूड. भाकरीच्या पिठात. आधी एक चमचा, मग दोन. सतरा सप्टेंबरपासून.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग चार ऑक्टोबरला का नाही सांगितलंत?"

बन्सीधरच्या तोंडून "आरं देवा" निघालं, हळूच. माझ्याकडे न बघता तो बाहेर गेला.

किशनरावांचा हात गळ्याकडे गेला, माळेपर्यंत पोचला नाही. उचलण्याइतकी ताकद नव्हती.

११ नोव्हेंबर, गुरुवार. नांदेड, दवाखाना.

तीन दिवस सलाइन. लघवीचा रंग उतरतो आहे. इथले डॉक्टर तरुण आहेत, बोलतात स्पष्ट. त्यांना मी सरळ विचारलं, दोष गोळीचा की माझ्या पुडीचा?

म्हणाले, सांगता येत नाही. ही गोळी एकटीसुद्धा क्वचित स्नायू खाते. गोळीतलं द्रव्य मुळात एका बुरशीतूनच काढलेलं आहे. तुमच्या अळंबीत त्याच जातीचं काही असू शकतं. असेल तर यांना रोज दुप्पट-तिप्पट मात्रा जात होती. कोणी मोजलेलं नाही. पण ऑक्टोबरमध्ये दुखणं सुरू झालं तेव्हा कळलं असतं तर दोन्ही बंद केलं असतं आणि हे इथे आले नसते. वर दुखऱ्या पायांनी पहाटे चालवलंत.

मी म्हटलं, "समजलं."

सत्यशीलाने ठाऊक नाही म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांनी काहीही असलं तरी सांगा म्हणून सांगितलं होतं. तानुबाईने नाक लावून सांगितलं होतं. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं.

दुपारी किशनराव पहिल्यांदा बोलले. छताकडे बघत.

"किती दिस?"

"एकोणपन्नास." वही पिशवीत होती, पण बघावी लागली नाही. "तीन एकादश्या सोडून. एकादशीला घातलं नाही मी."

मग म्हणाले, "म्हंजे पाप हाय हे ठावं व्हतं."

१३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. खालच्या रस्त्यावर फटाके. नर्सने प्रत्येक पलंगापाशी एक लाडू ठेवला. त्यांनी तिला विचारलं, "यात काय काय हाय, पोरी?" ती गोंधळली. बेसन, साखर, तूप म्हणाली. मग त्यांनी खाल्ला.

१८ नोव्हेंबर

उद्या सोडणार. जीव वाचला. मूत्रपिंडं निम्म्याने काम करतात, पूर्ववत होणार नाहीत. गोळी बंद.

आज मी बोलायचं ठरवलं. म्हटलं, तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं. टायफॉइडमध्ये अंडं घेतलं नव्हतं.

"न्हाई घेतलं," ते म्हणाले. "डॉक्टरनं इचारलं, मी न्हाई म्हनलो. एकवीस दिस रोज इचारलं, रोज न्हाई म्हनलो."

"मेला असतात."

"मेलो असतो तर मी मेलो असतो, बाई."

"आणि गोळी? तीही बुरशीचीच होती, डॉक्टर म्हणाले तुमच्यासमोर."

"ऐकलं. गोळी मी हातात घेतली, तोंडात टाकली. औषध म्हनून दिली, औषध म्हनून घेतली. भाकरी मी भाकरी म्हनून खाल्ली." मग म्हणाले, "ती पूड घेतली असती का न्हाई घेतली, आता मला बी ठावं न्हाई. ते तुमी माझ्यापाशी ठेवलंच न्हाई."

यावर उत्तर आहे. असलं पाहिजे.

२० नोव्हेंबर, ताडकळस

घरी. किशनराव काठी धरून दोन खोल्या चालले. देवापुढे बसता येत नाही म्हणून उभ्यानेच माळ काढली आणि देवाच्या फळीवर ठेवली. बन्सीधर म्हणाला, "आरं, नकळत झालंय. बुवाकडून परत घालून घेऊ, त्यात काय."

"घेऊ," किशनराव म्हणाले. "आदी तोंडातली चव जाऊ दे. लय गोड लागत व्हती."

मी स्वयंपाकघरात होते. तिथवर ऐकू येतं, हे त्यांना ठाऊक आहे.

२१ नोव्हेंबर

पिशव्या सगळ्या उकिरड्यावर टाकायला लावल्या. डबा पिठासकट टाकला. तानुबाई म्हणाली, डबा कशाला, घासून घेऊ. नको म्हटलं.

किशनरावांना ताट वाढलं. साधं, माझ्यासमोर तानुबाईने थापलेल्या भाकऱ्या, वरण. ताटाकडे बघितलं, पाया पडले, आणि म्हणाले, भूक न्हाई. तासाभराने बन्सीधरच्या घरून डबा आला.

२ डिसेंबर

बन्सीधरच्या घरून किती दिवस येणार? आज किशनरावांनी चुलीपुढे खुर्ची टाकून स्वतः पीठ मळायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. पीठ हाताला चिकटलं, पाणी जास्त झालं, पुन्हा पीठ, पुन्हा पाणी. मी पुढे झाले तर म्हणाले, "राहू द्या. शिकायलोय." रागाने नाही. माझ्या हाताखालच्या पोरांपैकी कोणी असतं तर मी शाबासकी दिली असती.

कापसाचा भाव, शेजारच्या विहिरीचं पाणी, तानुबाईच्या सुनेचं बाळंतपण, सगळं माझ्याशी बोलतात. पूर्वीपेक्षा जास्तच. फक्त माझ्या हातचं खात नाहीत.

९ डिसेंबर

सत्यशीला आली. तिला कोणीतरी सांगितलं असावं. रडायला लागली, मी ते टिपण द्यायलाच नको होतं म्हणाली. मी तिला गप्प केलं. "तू उंदरांचं सांगितलंस. मला वाचता येतं." चहा घेऊन गेली. किशनरावांनी तिला दारापर्यंत काठी टेकत सोडलं. म्हणाले, "पोरी, बाईला भेटत जा. त्यायला कुनी बोलायला न्हाई."

मला कोणी बोलायला नाही, हे त्यांना कोणी सांगितलं?

२८ डिसेंबर

उकिरड्यावर टाकलेल्या पिशव्यांना थंडीने धिंगरी फुटली. पांढरे झुपके. तानुबाई बघून आली, म्हणाली, खोलीत पाणी मारून जेवढी येत नव्हती तेवढी आलीय. त्यावर माती ओढायला सांगितली.

१४ जानेवारी १९९४, शुक्रवार

संक्रांत. नामांतर झालं. रेडिओवर ऐकलं. एका गल्लीत पेढे, दुसऱ्या गल्लीत दारं बंद, एस.टी. बंद. सोळा वर्षं घालवली आणि किती घरं जाळली. पहिल्याच वर्षी केलं असतं तर काय बिघडलं असतं? कोणाला विचारायचं?

तीळगूळ मी केला. किशनरावांनी एक वडी घेतली, कपाळाला लावली, खिशात ठेवली. संध्याकाळी सदरा धुवायला टाकताना खिसा तपासला. वडी तशीच होती.

मी ती खाल्ली. चांगली झाली होती.

२३ जानेवारी

बुवांनी माळ परत घातली. बन्सीधरच्या अंगणात, चार माणसांत. मला बोलावणं होतं. गेले, मागे उभी राहिले. बुवा म्हणाले, नकळत घडलेलं माळेला लागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कळून केलेल्याबद्दल कोणी काही बोललं नाही. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. तेवढं सभ्यपण गावात आहे.

३ फेब्रुवारी, गुरुवार

परभणी, तपासणी. कोलेस्टेरॉल दोनशे बहात्तर. म्हणजे होतं तिथेच. एकशे शहाण्णव मी पाहिलं होतं, या डोळ्यांनी. ते आता कोणी बोलत नाही.

डॉ. कौसडीकर म्हणाले, तेल-तूप सांभाळा. हवी तर वेगळ्या जातीची गोळी अगदी कमी मात्रेत देऊन बघता येईल, महिन्याला रक्त तपासून. जोखीम आहे, दोन्हीकडून. मी म्हणणार होते, लिहून द्या, मी बघते. तोंड उघडलं होतं. पण डॉक्टर माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांच्याकडे बघत होते.

किशनराव म्हणाले, "आठ दिस इचार करतो. मग सांगतो."

"सावकाश करा," डॉक्टर म्हणाले. चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी घडी घालून आतल्या खिशात ठेवली.

बसस्थानकावर तासभर गाडी नव्हती. बाकावर बसलो. त्यांनी फडकं सोडलं. त्यांच्या हातच्या तीन भाकरी, एका बाजूने करपलेल्या, कडा फाटलेल्या, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, ते त्यांनी पाहिलं असावं. एक भाकरी उचलली, तिच्यावर ठेचा ठेवला.

"बाई, जवारीचं पीठ हाय. ठेच्यात मिरची, लसून, शेंगदाने, मीठ. तेल जरा जास्त पडलंय." माझ्याकडे बघितलं. "चालतं का तुमाला?"

शेजारी दोन बायका बसल्या होत्या. त्यांना वाटलं असेल, काय काळजीचा नवरा आहे.

ते थांबले. मी 'चालतं' म्हणेपर्यंत भाकरी त्यांनी हातातच धरून ठेवली होती.